आई वेगासला येते तेव्हा

लेहुआने वाळवंटात संसार मांडला तो आईच्या भरवशावर.

बेट सोडावं लागणार हे ठरलेलंच होतं. बेटावरच्या वाइआनाए गावात ती आणि नवरा रोमेल मिळून तीन नोकऱ्या करत होती, तरी मुक्काम रोमेलच्या आईबापांच्या गॅरेजमध्येच. रोमेलचा भाऊ ओरेगनला होता. तिकडे पाऊस, नदी, हिरवळ आणि भावाच्या ओळखीने नोकरीसुद्धा तयार. पण लेहुआने नन्नाचा पाढा लावला.

"ओरेगनला माझी आई या जन्मात येणार नाही. वेगासला दरवर्षी येते."

"अगं बाई, ती वेगासला येते," रोमेल म्हणाला. "आपल्याकडे नाही."

"आपण तिथे राहायला गेलो की आपल्याकडेच येईल ना?"

यावर रोमेल गप्प बसला आणि तिथेच चुकला. शहाणा असता तर भांडला असता.

दरवर्षी येते, हे मात्र खरं. विनोना, म्हणजे लेहुआची आई, शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारीण. जूनमध्ये शाळा सुटली रे सुटली की मैत्रिणीच्या, डोरीन आँटीच्या टोळक्याबरोबर निघालीच. पाच दिवस, चार रात्री. विमान, रूम आणि जेवणाची कुपनं सगळं एकात. आम्हा बेटावरच्या माणसांना चारी बाजूंनी समुद्र असताना वाळवंटात जाऊन थंडगार हॉलमध्ये जुगाराच्या मशीनपुढे बसायची काय हौस आहे, देव जाणे. हॉटेल तेच, मजला तोच, बैलाच्या शेपटीचं सूप तेच. आणि दर खेपेला लेकीसाठी दोरीने करकचून बांधलेलं एक खोकं. त्यात गोठवलेली पोई, म्हणजे अळकुड्यांची लापशी, अळूच्या पानात गुंडाळलेलं मांस, सुकी मासळी, अळकुड्या-नारळाच्या वड्या. पहिल्या वर्षी लेहुआ खोकं घ्यायला हॉटेलवर गेली, तेव्हा आई पंधरा मिनिटं भेटली. दुसऱ्या वर्षी दहा. चार दिवसांत बिचारीला वेळ तरी कुठे मिळतो, अशी लेहुआने मनाची समजूत घातली.

मग मुलगी झाली. नाव आजीने ठेवायचं, तसं ते आजीने फोनवरूनच ठेवलं: काहिआउ. परतफेडीची आस न धरता भरभरून देणं, असा त्याचा अर्थ. लेहुआ नाव ऐकून रडली होती.

आमच्याकडे बाळाचा पहिला वाढदिवस म्हणजे लग्नाच्या तोडीचा कार्यक्रम. अख्खं डुक्कर शिजतं, गाणारे येतात आणि बाळ आजीच्या मांडीवर बसतं. आजीशिवाय पहिला वाढदिवस केला असं मी तरी कुठे ऐकलेलं नाही. लेहुआला तेवढंच हवं होतं. तो फोटो, आईच्या मांडीवर काहिआउ. बाकी नाही झालं तरी चाललं असतं.

फेब्रुवारीपासून तिने आईच्या मागे लकडा लावला.

"शनिवारी ठेवते गं. अठ्ठावीस जून. तू इथेच असशील."

"शनिवारी? अगं, शनिवारी आमच्या मशीनच्या स्पर्धेची फायनल! वर्षभर वाट बघतो आम्ही. शुक्रवारी ठेव ना."

शुक्रवार ठरला. लेहुआने हॉल बदलला, चाळीस जणांना पुन्हा फोन केले. महिन्याभराने आईचा फोन.

"शुक्रवारी डोरीनच्या साठीचं जेवण आहे म्हणे. मला काय माहीत? कालच ठरवलंन तिने."

"मग तिला सांग ना, आई!"

"असं कसं सांगू? तिची साठी एकदाच येते."

"आणि काहिआउचा पहिला वाढदिवस काय दोनदा येतो?"

फोनमध्ये मागे टीव्ही चालू होता. लेहुआच तडजोडीला आली, नेहमीप्रमाणे. तिने विमानाची वेळ काढून बघितली. गुरुवारी सकाळी नऊला उतरतं. आणि हॉटेलवाले तीनच्या आधी रूम देत नाहीत.

"आई, नऊ ते तीन तू करणार काय? बॅगा घेऊन बसणार? एक वाजता ठेवते. रोमेल न्यायला येईल, तीनला परत सोडेल."

"नको नको, न्यायला नको. आम्ही येऊ टॅक्सीने," आई म्हणाली. "बरं. एक वाजता."

ही फट सापडली म्हणून लेहुआला केवढा आनंद! घरभर नाचली ती. रोमेल एसी दुरुस्तीच्या धंद्यातला. जूनमध्ये, वाळवंटात, कामाच्या दिवशी भरदुपारी रजा!

"साहेब मलाच एसीच्या खोक्यात कोंबेल," तो म्हणाला, पण बिनपगारी रजा टाकून आला. पाहुण्यांपैकी निम्मे गळाले. त्यांनाही पोटं आहेत.

गुरुवारी एक वाजला, दीड वाजला. डुक्कर शिजून तयार, गाणारे गाऊन दमले. बाळ गळ्यातल्या फुलांच्या माळा चावत बसलं. दोन वाजता टॅक्सी आली. लेहुआ पोरीला उचलून धावत गेली. टॅक्सीतून उतरली डोरीन आँटी, एकटी, हातात खोकं.

"येतेय गं विनोना, पाठोपाठच येतेय! तिचं मशीन जरा तापलंय, पैसे देतंय. आता उठली तर दुसरी कुणीतरी बसेल ना तिथे."

आँटी पोटभर जेवली. बाळाचा मुका घेतला, विनोनासाठी एक ताट बांधून घेतलं आणि गेली. तीन वाजेपर्यंत केक कापला नव्हता. मग रोमेलने कापला.

लेहुआने कुणाशी शब्द न बोलता पोरीला बाबागाडीत घातलं आणि थेट हॉटेल गाठलं. मांडीवरचा फोटो आज घ्यायचाच होता, मग तो कुठे का असेना. आई खांबाजवळच्या मशीनवर बसली होती. बांधलेलं ताट शेजारच्या स्टुलावर, न उघडलेलं.

"आई."

"अगंबाई! आलीस होय? किती मोठी झाली गं ही! एक मिनिट हं."

लेहुआ थांबते न थांबते तोच गणवेशातला माणूस आला. "मॅडम, बाळाला घेऊन इथे थांबता येणार नाही. वाटेवरून चालत राहा."

वाटेवरच्या गालिचाचा रंग वेगळा होता. लहान मुलांनी त्यावरून फक्त जायचं. लेहुआ चालायला लागली. खांबाला वळसा घालून पुन्हा आईजवळ आली.

"आई, पाच मिनिटं बाहेर ये. एक फोटो काढू."

"आले गं, आले. एवढं संपू दे."

तो माणूस बघत होताच. लेहुआ दुसऱ्यांदा फिरली. पोरीला या फेऱ्यांची भारी मजा वाटत होती, ती टाळ्या पिटत होती.

"हो म्हणाली होतीस तू!" लेहुआ जाता जाता ओरडली. आजूबाजूच्या दोन बायकांनी मान वळवली. "यायचं नव्हतं तर हो कशाला म्हणालीस?"

"तू सोडत होतीस का मला?"

लेहुआचे पाय थबकले. माणूस पुढे सरकला, तशी ती पुन्हा निघाली. तिसऱ्या फेरीला आईने मशीनवरचा हात काढला होता. तिने लेकीकडे बघितलं, नीट, डोळ्यांत डोळे घालून.

"तीस वर्षं मी सहाशे पोरांना वाढतेय, लेहुआ. घरी आलं की तुम्ही पाच जण. मग तुझ्या आजारी बापाचं अंथरूण. वर्षातून चार दिवस मला कुणी आई म्हणू नये, आजी म्हणू नये, जेवायला काय आहे म्हणून विचारू नये. खोकं आणते की नाही मी? दरवर्षी आणते. तेवढं पुरत नाही का गं तुला?"

"मॅडम," तो माणूस म्हणाला.

लेहुआ चौथ्यांदा वळली नाही. तशीच बाहेर, उन्हात. पार्किंगमध्ये उभं राहून ती हमसून हमसून रडली. राग आईचा होता आणि आई खोटं बोलत नव्हती याचाही होता.

पुढच्या एप्रिलमध्ये आईचा फोन आला. आवाज जपून. "डोरीन जूनचं बुकिंग करतेय. तुझं... तुमचं काही आहे का त्या आठवड्यात?"

"आम्ही नाही त्या आठवड्यात," लेहुआ म्हणाली. "ओरेगनला जातोय. रोमेलच्या भावाकडे."

ओरेगन वगैरे काही नव्हतं. तिला वाटलं, आता आई हिरमुसेल. म्हणेल, अगं मग मी तारीख बदलते. निदान म्हणेल, काहिआउ भेटणार नाही म्हणजे.

"हो का?" आई म्हणाली आणि एक मोठा श्वास सोडला. मग लेहुआने वर्षानुवर्षांत ऐकला नव्हता इतका हलका, मुलीसारखा आवाज आला. "बरं झालं बाई! तुम्हालाही जरा बदल. डोरीन, ए डोरीन! यंदा खोकं नको गं! पोरं गावात नाहीत!"

जूनचा तो आठवडा लेहुआने पडदे ओढून काढला. बेटावरची माणसं जातात त्या दुकानात ती गेली नाही, न जाणो कुणी बघितलं तर. गुरुवारी डोरीन आँटीने फोटो पाठवला. सूपच्या वाडग्यामागे बसलेली आई मान मागे टाकून हसत होती. लेहुआने फोटो मोठा करून बघितला. असं हसताना तिने आईला घरी कधी पाहिलं नव्हतं.

काहिआउ लेहुआच्या गुडघ्यावर रेलून फोनमध्ये डोकावली. "कोण?" तिने विचारलं.

"विनोना," लेहुआ म्हणाली.