डाव्या हाताची जागा

“काका झोपलेत,” काकू दारातूनच म्हणाल्या, आणि नेमका तेव्हाच आतून काकांचा खोकला ऐकू आला. काकूंना खोटं बोलायची सवय नव्हती. त्या ओशाळून बाजूला झाल्या. “ये आत. चेहरा बघ कसा झालाय. जेवतेबिवतेस की नाही?”

कवळीवालीला आठवडाभर घास गोड लागला नव्हता, हे खरंच. हे नाव तिला त्यांच्या तिघांच्या बँडमधल्या ड्रमवाल्याने ठेवलं होतं, कारण ती दिवसभर दातांच्या कवळ्या घडवायची आणि संध्याकाळी तीच बोटं पियानोवर चालवायची. तिला बँडमध्ये आणलं काकांनी. काका तेव्हा लिफ्ट दुरुस्त करायचे. तिच्या कारखान्याची लिफ्ट उघडून बसले असताना त्यांनी तिला टेबलावर बोटं नाचवताना पाहिलं होतं. “वाजवतेस वाटतं?” त्यांनी विचारलं. रेकॉर्डी ऐकून जॅझमधली संथ गाणी घरी बसवते, एकटीच, असं ती लाजत म्हणाली. त्याच गुरुवारी ते तिला तालमीच्या खोलीवर घेऊन गेले. त्यांचा पियानोवाला गाव सोडून गेला होता.

एकटीने वाजवायचं म्हणजे डाव्या हाताने खालचे जड सूर सांभाळायचे आणि उजव्याने गाणं म्हणायचं. एकट्या बाईने घर चालवावं तसं, सगळं आपणच. पण तिघांत खालचे सूर बेसचे, म्हणजे काका वाजवायचे त्या माणसाहून उंच, मोठ्या पोटाच्या तारवाद्याचे. “तुझा डावा हात खाली उतरला, की आपण दोघं एकाच दारात अडकतो,” काका म्हणायचे. “तळ माझ्यावर सोड. तू वर मोकळी राहा.” हात आवरायला शिकणं तिला वाजवायला शिकण्याहून जड गेलं. काकांनी कधी आवाज चढवला नाही. नुसतं तिच्या डाव्या हाताकडे बघायचे, आणि तो वर यायचा.

गेल्या रविवारी शाळेच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता. ‘या वयात कसले हे नाद’ म्हणणारी तिची थोरली बहीण पहिल्या रांगेत बसली होती. काकांची बोटं अलीकडे आखडायची. सगळ्यात संथ गाण्यात त्यांचा एक सूर उशिरा आला, पुढचा आलाच नाही. तिचा डावा हात खाली गेला. दोन सुरांपुरता गेला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. पण तो परत आलाच नाही. गाणं संपेपर्यंत तिने सगळा तळ स्वतःच वाजवला, आणि काका दुसऱ्याची सायकल धरून उभं राहावं तसे आपलं वाद्य धरून उभे राहिले. टाळ्या खूप पडल्या. “सांभाळून घेतलंस हं,” बहीण म्हणाली. त्या कौतुकाने ती आतून पोळली.

काका खिडकीपाशी बसले होते. वाद्याला कापडाची खोळ घातलेली होती.

“गुरुवारी तालमीला आला नाहीत,” ती म्हणाली.

“हात दुखतो.”

चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, सगळं माहीत असूनच ते असं बोलताहेत. “काका, मी मदत नव्हते करत. लोकांना तसं वाटलं, मीही वाटू दिलं. बहीण समोर होती. मी आपलंच घोडं पुढे दामटलं.”

काका बोटं चोळत राहिले. “ते कळलं मला. इतकी वर्षं शेजारी उभा राहतोय तुझ्या.” मग म्हणाले, “मी चुकलो असतो. लोकांसमोर चुकलो असतो. पण ती चूक माझी होती गं. तीही तू घेतलीस.”

काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि तिच्या हातात देऊन गेल्या. पुन्हा कधी असं होणार नाही, असं काहीतरी ती पुटपुटली. ते तिला स्वतःलाच पोकळ वाटलं.

“एवढ्या मोठ्या वाद्याला घरात जागा नाही, असं ही म्हणते,” काका म्हणाले. ते तालमीला येणार की नाही, हे तिला निघेपर्यंत कळलं नाही.

पुढच्या गुरुवारी ते आले. ड्रमवाल्याने त्यांच्याबरोबर वाद्य तालमीच्या खोलीवर चढवलं आणि नेहमीची चेष्टा केली, “काका, एखादी बासरी शिकला असता तर?” काका हसले. “तेच वाजवू,” ते म्हणाले. कुठलं, हे तिला विचारावं लागलं नाही.

ड्रमवाल्याने ड्रमवर तारांचे ब्रश हळूहळू फिरवायला सुरुवात केली. तिने डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि एकट्या उजव्या हाताने गाणं उचललं. त्याच वळणावर काकांचं बोट तारेवर गेलं आणि अडलं. मांडीखाली तिची बोटं वळवळली. ब्रश फिरत राहिले. गाण्याच्या तळाला काहीच नव्हतं, आणि ते तिघांनाही ऐकू येत होतं. तिने उजवा हातही थांबवला आणि वाट पाहिली.

मग पुढचा सूर आला. उशिरा, जरासा खरखरीत, काकांचा.