शैलेंद्रला सापडलेली हातभट्टी

"गुरुनाथ, अरे इकडे ये! मी कशावर बसलोय बघ, यार!"

शैलेंद्र खरोखरच बसला होता. डबा खायला म्हणून ओढ्याकाठी टेकला, तर खाली काहीतरी टोचलं. पाचोळा बाजूला सारला तेव्हा पत्र्याचं पिंप निघालं, वर तांब्याच्या नळीचा तुकडा. चोरून दारू गाळायचं पिंप, अमेरिकेतल्या ऐंशी वर्षांपूर्वीच्या दारूबंदीतलं.

दोन हजार दोनपासून तीन वर्षं गुरुनाथ दर शनिवारी ओहायोतल्याच डब्लिन गावाहून दोन तास ड्राइव्ह करून या डोंगरात येत होता. इथल्या हौशी उत्खनन मंडळासाठी त्याने मणांनी माती चाळली. मिळालं काय? सात खिळे आणि एक बटण. बटण त्याच्याच शर्टाचं निघालं. आणि हा शैलेंद्र आज पहिल्यांदा आला, नवे कोरे बूट घालून, आणि बसला तो थेट इतिहासावर.

"वहिनी, फोटो काढा ना!"

एक पुरला असता. गुरुनाथच्या बायकोने, रत्नाने, चार काढले.

"भोकं पडलीत रे याला. गंज का?" शैलेंद्रने विचारलं.

मंडळाच्या प्रमुख मार्लीनबाई पलीकडच्या टेकडीवर गेल्या होत्या, त्यामुळे आज नोंदी गुरुनाथच्या हाती. गंजका पत्रा ढिगात जायचा. मोलाच्या वस्तूला चिठ्ठी लागायची आणि ती म्युझियमकडे.

गुरुनाथने भोकावरून बोट फिरवलं. काठ आत वळलेले. गंजाचं भोक असं वळत नाही, कुऱ्हाडीचं वळतं. हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. ते भंडाऱ्याला दारूबंदी खात्यात जमादार. मोहाच्या भट्ट्या फोडून हाताला घट्टे पडलेले. डब्लिनच्या मराठी मंडळात मात्र गुरुनाथ ते नुसतेच 'सरकारी नोकरीत' होते असं सांगायचा.

"गंजच," तो म्हणाला. "भंगार आहे."

शैलेंद्रचा चेहरा उतरला. गुरुनाथला इतकं बरं वाटलं, की त्याने तिसरं थालीपीठ घेतलं.

रत्ना पिंपाशी वाकली. तिनेही बोट फिरवलं. सासऱ्यांच्या धाडींच्या गोष्टी तिने वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या.

"गंज म्हणे!" नवऱ्याकडे बघत ती एवढंच म्हणाली आणि डबे आवरायला लागली.

गुरुनाथने अर्धं थालीपीठ खाली ठेवलं. शैलेंद्र पिंप लोळवत ढिगाकडे निघाला होता.

"थांब. राहू दे ते तिथेच. धाडीत फोडलंय ते, कुऱ्हाडीने. पाच घाव आहेत."

"तुला काय माहीत?"

"बाबांचं कामच होतं. भट्ट्या फोडायचं."

"म्हणजे मला अख्खी धाड सापडली?" शैलेंद्र नाचायचाच बाकी राहिला. बाबांबद्दल त्याने काहीच विचारलं नाही.

गुरुनाथने चिठ्ठी लिहायला घेतली. जागा, तारीख, खोली, पाच घाव. सगळं मोत्यासारख्या अक्षरात. शेवटचा रकाना शोधणाऱ्याच्या नावाचा. तिथे पेन थबकलं.

"तेवढं तूच लिही," त्याने चिठ्ठी पुढे केली आणि तो हात धुवायला ओढ्यावर गेला.

शैलेंद्रने आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं. गुरुनाथ कोपरापर्यंत हात धूत राहिला.