तीजातला सर्वे

तीजा आला की बूढ़ापाऱ्यातली भाजीवाल्यांची ओळ ओस पडते. छत्तीसगढची बाई एरवी अंगात ताप असला तरी दुकान मांडेल, पण तीजाला माहेरी गेली नाही तर तिला जगणं नकोसं होतं. भाऊ न्यायला येतो, माहेरची साडी मिळते. मग तीन दिवस गिऱ्हाइकांना एकटी मंदाकिनी. ती पडली विदर्भातली. तिची हरतालिका सकाळी घरातच उरकते आणि उपास धरून ती सांभार म्हणजे कोथिंबीर आणि लिंबं विकायला बसते. आईबाप कधीच गेले, आणि भावाचा फोन दिवाळीला आला तर आला.

जाताना सातही जणींनी रीतीप्रमाणे आपापल्या जागी पोतं अंथरून वर वीट ठेवली. वीट ठेवली म्हणजे जागा धरली. "देखबे, मंदा," म्हणत जागेची राखण तिच्यावर सोपवून शेजारची अंजनाबाई निघून गेली.

आणि नेमका तीजाच्या दिवशीच विक्रेत्यांची नोंद करणारा सर्वेवाला उगवला. सरकारी कामाचे मुहूर्त असलेच! जी बसलेली दिसेल तिचा फोटो, तिचं कार्ड. कार्ड नाही तिला पुढे जागा नाही.

"बाकी लाइन खाली है क्या?"

"खाली कैसे भैया? ईंट रखी है ना सबकी."

"ईंट का फोटो नहीं लगता, दीदी. आप अपना लिखवाओ. बाजू की जगह बेटी के नाम कर दूँ?"

बेटी म्हणजे सोनिया. मागे लिंबं निवडत होती, तिचे डोळे चमकले. मोह मंदाकिनीलाही झाला, खोटं कशाला बोला? पोरीचं बस्तान आयतं बसत होतं. तिने अंजनाबाईच्या विटेकडे पाहिलं. नवऱ्याला, श्यामरावला, कावीळ झाली तेव्हा दोन महिने मंदाकिनी दवाखान्यात होती. तेव्हा इथे तिची वीट होती, आणि अंजनाबाईने ती कोणाला हलवू दिली नव्हती.

मग तिने सर्वेवाल्याला नीट न्याहाळलं. शर्ट चुरगळलेला, खिशात बिस्किटांचा पुडा.

"भैया, घरवाली तीजा गई है ना?"

तो ओशाळला. "हाँ, परसों गई."

"तो आज कोई तुम्हारे घर आके लिख दे, इस घर में औरत नहीं है, तो?"

त्याचं पेन थांबलं. "सोमवार को आने की कोशिश करूँगा. पक्का नहीं बोल सकता. आपका तो लिख दूँ?"

"मेरा भी सोमवार को."

तो गेल्यावर सोनिया उसळली. "मम्मी, अपना तो लिखवा लेती!"

"माह्यं लिवलं की त्याच्या कागदावर ही ओळ पुरी झाली. मग तो कायले वापस येते?"

बोलली खरी, पण धोका होताच. तो आलाच नाही तर सातजणींबरोबर तिचीही जागा गेली. संध्याकाळी तिने अंजनाबाईला फोन करून सगळं सांगितलं. निर्जळी उपासाची बाई ती, रडतच म्हणाली, आत्ता निघते. मंदाकिनीने दटावलं, "भूखे पेट कहाँ दौड़ती? सोमवार को सब आ जाना."

सोमवारी सकाळी विटा उचलल्या गेल्या. सातही जणी नव्या साड्यांत टवटवीत. पण दहा वाजले, साडेदहा झाले, सर्वेवाल्याचा पत्ता नाही. मंदाकिनीने त्याच कोथिंबिरीवर चारदा पाणी मारलं. अकराला तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून! बायको परतली असणार.

सातही जणींचं लिहून झालं. मंदाकिनीची पाळी येताच अंजनाबाईने हात आडवा घातला. "रुक जा भैया." तिने पिशवीतून नारिंगी साडी काढली आणि मंदाकिनीच्या मांडीवर ठेवली. "मोर भाई दे हे." फोनवरचं सगळं अंजनाबाईच्या भावाने ऐकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बाजारात गेला होता. म्हणाला होता, मला आणखी एक बहीण आहे, तिला रिकाम्या हाताने कसं भेटशील?

सर्वेवाल्याला गप्प करणारी मंदाकिनी, पण आता ती ढसढसा रडली. सोनियाने नवी साडी तिच्या खांद्यावरून पांघरली, आणि फोटो निघाला.

कार्डावर तिचे डोळे सुजलेले दिसतात. सोनिया म्हणते, दूसरा खिंचवा लो.

"राहू दे वो," मंदाकिनी म्हणते. "माहेरची साडी चांगली दिसून राहिली."