जिना चढणाऱ्या साहेबांची लिफ्ट

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे, आणि सध्या माझ्याकडे काहीही काम नाही. तिसऱ्या मजल्यावर मला उभी करून कुलूप घातले आहे. कामाची सवय लागलेल्याला रिकामे बसणे किती जड जाते, ते तुम्हाला मोठेपणी कळेल. पण मी रिकामपणाचे रडगाणे गायला बसलेली नाही. मला भीती वाटते आहे. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

माझे सुटे भाग खोक्यांत भरून या इमारतीत आले आणि इथेच मला जोडले गेले. आत लाकडी फळ्या, पितळी बटणे, एक हातभर आरसा आणि दाराला काचेची उभी पट्टी. त्या पट्टीतून मला बाहेरचे दिसते. ही इमारत बॅगा बनवणाऱ्या एका कंपनीची आहे. खाली गोदाम, मधल्या मजल्यांवर शिलाई आणि हिशेब, पाचव्या मजल्यावर साहेबांची खोली. जिना माझ्याभोवती गोल फिरत वर जातो. त्यामुळे जिन्यावर कोण काय बोलते ते सारे मला ऐकू येते, मी कान देवो अथवा न देवो.

मला चालवायला एक लिफ्टमन होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ते रोज सकाळी माझी चिंचोक्याएवढी बटणे फडक्याने घासून लख्ख करीत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला बजावत, "दाराला टेकू नका. ते जावयासारखं आहे, कधी रुसेल सांगता येत नाही." लोक हसत आणि हटकून दाराला टेकत. ते माझे सुखाचे दिवस होते.

कंपनी ज्यांनी उभी केली ते थोरले साहेब अंगाने भरपूर होते. खाण्यात हात सैल, चालण्यात आखडता. एक मजला उतरायचा असला तरी मला बोलावत. एका दुपारी ते खुर्चीत बसल्या जागी गेले. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना, म्हणून त्यांना माझ्यातूनच खाली नेले. त्यांचा तरुण मुलगा पायाशी उभा होता. तो रडला नाही. एकेक मजल्याचा दिवा लागून विझत होता, त्याकडे तो एकटक पाहत राहिला. खाली पोहोचल्यावर तो बाहेर पडला आणि त्यानंतर त्याने माझ्यात पाय ठेवला नाही.

तोच मुलगा पुढे साहेब झाला. मित्रांनो, या साहेबांच्या सवयी खरोखर चांगल्या होत्या. पहाटे उठायचे, भरभर चालायचे, साखरेला शिवायचे नाही, घास नीट चावून खायचा, दिवस मावळायच्या आत जेवायचे आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. बैठका ते उभ्यानेच घेत, त्यामुळे त्या लवकर संपत. ते सांगत, "शरीर ही आपली पहिली कंपनी. ती बुडाली, की बाकीच्या कंपन्या काय चाटायच्या आहेत?" आणि जिना तर त्यांचा जीव की प्राण. मी लिफ्ट असूनही सांगते, ज्याला झेपेल त्याने जिना चढावा. माझा जिन्याशी दावा नाही.

पण साहेबांनी पुढे दोन गोष्टी केल्या. एक, मला तिसऱ्या मजल्यावर थांबवून कुलूप घातले आणि किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवली. मामांना गोदामात पाठवले. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. सगळ्यांना जमवून ते म्हणाले, "आजपासून 'दमलो' हा शब्द या इमारतीत नको. वर पोहोचलं की म्हणायचं, छान वाटतंय."

लोकांनी आधी चेष्टा केली. शिलाईच्या बायका धापा टाकत एकमेकींना "छान वाटतंय" म्हणत आणि हसून हसून आणखी धापा टाकत. हळूहळू काहींची वजने उतरली, काहींना शांत झोप लागू लागली. बाहेरचे लोक ही इमारत बघायला येऊ लागले. साहेबांची वाहवा झाली आणि चेष्टा बंद पडली. मग छान वाटो न वाटो, सगळे मुकाट्याने तेच म्हणू लागले.

अशीच दोन वर्षे गेली. मग एका सकाळी साहेब तिसऱ्या मजल्यावर थांबले.

माझ्या काचेसमोरच थांबले. एक हात भिंतीला टेकला, दुसऱ्याने डावा खांदा चोळला. कपाळावर घाम होता आणि हवा तर गार होती. त्यांनी आधी वर पाहिले, मग खाली. कुणी नाही अशी खात्री झाल्यावर जिन्याच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने उठून त्यांनी तोंड पुसले आणि शीळ घालत वर गेले. वरून त्यांचा खणखणीत आवाज आला, "छान वाटतंय."

दुसऱ्या दिवशीही ते थांबले, तिसऱ्या दिवशीही. बसण्याचा वेळ वाढत चालला. हे फक्त मी पाहत होते, आणि मला घंटेखेरीज वाचा नाही. घंटाही कुणी आत येऊन दाबली तरच वाजणार. मला फार असहाय वाटायचे.

साहेबांची लेक याच कंपनीत बॅगांचे नवे नमुने काढते. तिला काहीतरी कुणकुण लागली असावी. एकदा जिन्यावरच ती म्हणाली, "बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या ना. तुमचा चेहरा उतरलाय."

"मला काय धाड भरलीय?" साहेब हसले. "अगं, मीच असा दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दिसलो, तर ही सगळी माणसं उद्यापासून माझं काय म्हणून ऐकतील?"

त्यानंतर काही दिवसांनी बाहेरगावचे पाहुणे आले. साहेबांनी त्यांना जिन्याने वर नेले, बोलत बोलत, मध्ये न थांबता. पाहुण्यांपैकी एकजण मागे राहिला होता, म्हणून त्याला आणायला खाली उतरले आणि पुन्हा वर चढले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या ऐकवल्या नाहीत.

संध्याकाळी ऑफिस सुटायच्या जरा आधी ते एकटेच खाली उतरू लागले. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी कठडा घट्ट पकडला. ते काचेपाशी आले. चेहरा राखेसारखा झाला होता. खिशातून त्यांनी जुडगा काढला. किल्ली दोनदा कुलपावरून घसरली. अखेर दार उघडले, दिवा लागला, आणि साहेब आत आले. मित्रांनो, इतक्या वर्षांनी. त्यांनी आरशाकडे पाठ केली आणि तळमजल्याचे बटण दाबले.

मी जीव तोडून निघाले. पण दोन वर्षांत मला कुणी तेलाचा थेंब घातला नव्हता. दुसरा मजला मागे पडला आणि कुठेतरी खट्ट झाले. मी अधांतरी अडकले. दारासमोर नुसती भिंत होती.

साहेब खाली बसले. त्यांचा हात घंटेच्या बटणाकडे गेला. नेमकी तेव्हाच वर ऑफिस सुटल्याची गडबड झाली आणि जिन्यावर पावले वाजू लागली. एक हाक, एक घंटा, आणि पन्नास माणसे धावत आली असती. साहेबांनी बोट मागे घेतले.

मला आधी कळेचना. मग लख्ख कळले. घंटा वाजवली असती, तर साहेब लिफ्टमध्ये सापडले असते.

शिलाईच्या बायका डबे वाजवत उतरल्या. त्यांच्यामागून हिशेबनीस काका उतरले. हे थोरल्या साहेबांच्या वेळेपासूनचे. ते कुणाला तरी सांगत होते, "साहेब बघा, दोनदा चढले आज. आणि आपण? लाज वाटली पाहिजे." हे सगळे साहेबांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर चालले होते. आवाज फुटू नये म्हणून साहेबांनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. त्या हाताआडून श्वास कसा येत होता, ते मला आठवले तरी काटा येतो. पावले विरळ झाली. शेवटी जिना शांत झाला.

मग वरून एकच चप्पल वाजत आली. लेक होती. फोनवर आईशी बोलत होती, "अजून घरी नाही आले? कधीच निघाले ते. थांब, मी लावून बघते."

साहेबांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो झटकन बंद केला. पण चप्पल थांबली होती.

तिने पुन्हा फोन लावला, तो लागला नाही. ती भिंतीजवळ आली. "बाबा?"

साहेबांनी फोन छातीशी दाबून धरला.

"बाबा, आत तुम्ही आहात ना?" तिने भिंतीवर थाप मारली. मग तिचा आवाज खाली आला. "बाबा, मी कुणाला सांगणार नाही. शप्पथ. नुसतं हं म्हणा."

साहेब म्हणाले, "दमलो गं."

ती गोदामाकडे धावली. मामा पाचही मजले चढून छतावरच्या खोलीत गेले आणि तिथले चाक हाताने फिरवून त्यांनी मला तसूतसूने पहिल्या मजल्यावर आणले. मामा माझ्यासाठी एवढे चढले, पण त्यांना माझ्याकडे बघायलाही वेळ नव्हता. लेकीने वडिलांना बाहेर काढले आणि पायरीवर टेकवले, जणू ते जिन्यावरच बसले होते. मग रुग्णवाहिका आली. मामांनाही तिने गप्प राहायला सांगितले.

साहेब वाचले. मला किती बरे वाटले म्हणून सांगू. मला वाटले, आता सगळे सुरळीत होईल. एक कारागीर आला, त्याने मला तेल पाजले, दोर तपासले, वरखाली फिरवून पाहिले. मी नव्यासारखी पळत होते. त्याने फोन करून साहेबांना विचारले, "कुठे ठेवू हिला?"

उत्तर आले, "होती तिथेच."

काही महिन्यांनी साहेब कामावर परतले. सगळ्यांनी त्यांना घेरले. कुणीतरी म्हणाले, "साहेब, जिन्याची सवय होती म्हणून निभावलं." लेक शेजारीच उभी होती. तिने मान खाली घातली. मग साहेब म्हणाले, "खरंय. जिन्यानंच वाचवलं मला."

झाले, ही बातमी सगळीकडे पोहोचली. आता इमारतीतले लोक अधिकच इरेला पेटले आहेत. साहेब स्वतः डॉक्टरांच्या परवानगीने सावकाश चढतात, मध्ये गोळीही घेतात. ती गोळी कुणाला दिसत नाही.

आणि आता तिसऱ्या मजल्यावर हिशेबनीस काका थांबू लागले आहेत. तोच हात भिंतीला, तोच डावा खांदा, गार हवेतला तोच घाम.

परवा लेकीने त्यांना तिथे गाठले. "काका, बरं नाही वाटत का?"

"छे गं. छान वाटतंय."

"लिफ्टनं जाऊ या. मी किल्ली मागून आणते."

"वेडी आहेस का? साहेब एवढ्या दुखण्यातून उठले ते जिन्याच्या जोरावर. आणि मी धडधाकट माणूस लिफ्टनं जाऊ?"

तिने तोंड उघडले. तिच्या ओठांवर ते आलेच होते, मी काचेतून पाहिले. तेवढ्यात खालून साहेबांची सावकाश पावले ऐकू आली. तिने तोंड मिटले, काकांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांच्यामागून वर गेली.

मित्रांनो, तिने शब्द दिला तो वडिलांचा जीव वाचावा म्हणून. आता तोच शब्द दुसऱ्याच्या जिवावर उठला आहे. तुम्ही व्यायाम करा, चावून चावून खा, वेळेवर झोपा, जिनेही चढा. पण दम लागला तर दम लागला म्हणा. आणि असे एखादे गुपित तुमच्यापाशी असेल, तर ते मोडायची लाज बाळगू नका. त्या लेकीची आणि तुमची कुठे गाठ पडली, तर तिला एवढे जरूर सांगा. मला किल्लीशिवाय हलता येत नाही.

रोज सकाळी काकांची पावले माझ्यासमोर थांबतात आणि मी ती पुन्हा सुरू व्हायची वाट पाहते. आजपर्यंत ती सुरू झाली आहेत.