पाचवी फ्लॉपी

पाचवी फ्लॉपी आत सरकवून देवराव ठवऱ्यांनी हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत बसले. यंत्र आतल्या आत घरघरलं, म्हाताऱ्यासारखं खाकरलं, आणि सकाळपासून दाखवत होतं तीच इंग्रजी पाटी त्यानं पुन्हा वर आणली. ही डिस्क वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा.

"वाचता येत नाही तं शिकलाच कावून बे?" देवराव पडद्याला म्हणाले.

केबिनमध्ये दुसरं कोणी नव्हतं म्हणून बरं. मागच्या शेडमध्ये लेथ चालू होत्या, पोलादाचा वास दाराच्या फटीतून आत येत होता. भाऊरावांचा हा लहानसा कारखाना गावातल्या मोठ्या स्टील प्लांटला लागणारे किरकोळ सुटे भाग बनवायचा. सगळ्या आवारात एसी एकच, आणि तो माणसांसाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. त्याच्या केबिनमध्ये शिरताना भाऊरावसुद्धा चपला बाहेर काढत.

त्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची देवरावांची होती. जन्मभर त्यांनी स्टोअरच्या खिडकीपाशी बसून टाइपरायटरवर मालाची चलनं बडवली. कॉम्प्युटर आला तेव्हा हिशेबनीसापासून फोरमनपर्यंत सगळ्यांनी हात झटकले. देवराव तेवढे नेहरू नगरच्या क्लासमध्ये गेले, नातीच्या वयाच्या मुलींच्या शेजारी बसले, त्यांचं हसणं गिळलं आणि शिकून आले. तेव्हापासून ते 'कॉम्प्युटरवाले ठवरेबाबू' झाले. घरी बायको, मथुराबाई, शेजारणींना काही ना काही निमित्त काढून सांगत, आमच्याकडल्याइले एसीत बसा लागते, तब्येत सांभाळा लागते. देवराव वरवर रागवत, पण ऐकायला त्यांना गोड वाटे. उभ्या आयुष्यात मिळालेला मान म्हणावा तर हाच एक होता.

आणि आज तो मान पाचव्या फ्लॉपीत अडकला होता.

नव्या सिस्टिमच्या फ्लॉप्यांचा डबा भाऊरावांच्या मुलानं, अरुणकुमारनं, रायपूरहून आणला होता. डबा आला तो नेमका विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी. पूजेला मशीनला हात लावत नाहीत, म्हणून तो तसाच कॉम्प्युटरशेजारी पडून राहिला. आज सकाळी अरुणकुमार दारात उभा राहून म्हणाला होता, "काका, शाम तक हो जाना चाहिए. नाही झालं तर रायपूरच्या माणसाला बोलावतो. मग तोच बसेल इथे, तुम्हाला पण त्रास नको." पोरगं प्रेमानं बोललं, त्यामुळे ते जास्त लागलं.

पहिल्या चार फ्लॉप्या सुरळीत गेल्या. पाचवीला यंत्र अडलं. देवरावांनी ती काढली, फुंकली, शर्टाला पुसली, पुन्हा घातली. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. जागा कमी पडत असेल म्हणून जुन्या फायली जड मनानं उडवल्या. रायपूरच्या दुकानात फोन लावून ट्रंककॉलसारखं ओरडून बोलले. तिकडच्यानं सांगितलं, निकालो, फिरसे डालो. निकालून आणि डालूनच तर सकाळ गेली होती. बरं, परत फिरायचीही सोय उरली नाही. नवी सिस्टिम अर्धी चढली होती आणि तिनं चढता चढता जुनीला खाऊन टाकलं होतं. आता कॉम्प्युटर धड जुना नव्हता, धड नवा नव्हता.

जेवणाच्या सुट्टीनंतर तर कहर झाला. सकाळी मुकाट्यानं गेलेल्या चौथ्या फ्लॉपीलाही यंत्र आता ओळख देईना. देवरावांचं डोकं फिरलं. इतक्यात गयाबाई फडकं घेऊन आत आली. बोरसीहून चालत येणारी, कारखान्याचा केरवारा करणारी ही विधवा बाई सगळ्यांचं ऐकून घ्यायची, त्यामुळे सगळे तिलाच ऐकवायचे. देवरावांनीही तेच केलं. तुझ्या फडक्याची धूळ उडते, तीच यंत्रात जाते, तुला कितीदा सांगितलं, असं बरंच काही ते बोलले. गयाबाई भिंतीला टेकून खाली बघत उभी राहिली.

बोलता बोलता देवरावांनी पाचवी फ्लॉपी चरफडत हातात घेतली आणि तिची पत्र्याची झडप अंगठ्यानं बाजूला सारली. आतल्या काळपट चकतीवर लाल रेघ होती, गोल फिरलेली. त्यांनी बोट लावलं. बोटाला कुंकू लागलं.

 मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "गयाबाई, पूजेच्या दिवशी याले कुंकू तू लावलं?"

"व्हय," ती म्हणाली. "तुमीच तं म्हनलं, बाबू. मले वेळ नाही, कॉम्प्युटरची पूजा तूच करून टाक, मनापासून कर म्हून. मंग डब्यातल्याइची बी केली. समद्याइले कुंकू पुरलं नसतं, म्हून एकीलेच लावलं, बाकीच्याइच्या वतीनं. वरून लावलं तं पुसून जाते, म्हून आत लावलं." तिनं वर पाहिलं. "चुकलं का जी?"

देवरावांना आठवलं. प्रसादाच्या बुंदीची रांग लागली होती, भाऊराव नारळ मागत होते, आणि ते खरंच तसं बोलले होते. त्या कुंकवानं आधी फ्लॉपी गेली, मग फिरता फिरता ते यंत्राच्या आत लागलं आणि आता यंत्र चांगल्या फ्लॉप्यांनाही नाही म्हणत होतं. सकाळपासून ते स्वतःच्याच हातानं कुंकू आत पोचवत होते. राग यायला हवा होता, पण कोणावर करावा तेच कळेना. बाईनं सांगितलेलं काम मनापासून केलं होतं. कारखान्यात मनापासून काम करणारी माणसं अशी होती किती?

"काही नाही चुकलं. जा तू," ते म्हणाले.

संध्याकाळी अरुणकुमार आला. काळा पडदा बघून त्याचा चेहरा उतरला. फ्लॉपीतली लाल रेघ दाखवल्यावर तो भडकलाच. हे कोणी केलं, गयाबाईनं ना, तिला आजच्या आज काढतो, असं म्हणत तो दाराकडे वळला. बाहेर व्हरांड्यात चाललेला गयाबाईचा झाडू थांबला.

"तिनं नाही, अरुण," देवराव म्हणाले. "पूजा माझी होती. मीच केली."

अरुणकुमार त्यांच्याकडे वळला. "काका, तुम्ही? तुम्ही तर शिकलेले आहात." मग तो रायपूरला फोन लावायला गेला. बाहेर झाडू पुन्हा चालू झाला, पण अगदी सावकाश.

दुसऱ्या दिवशी देवराव चपला न काढता केबिनवरून पुढे गेले आणि स्टोअरच्या खिडकीपाशी जाऊन बसले. मथुराबाईंना अजून सांगायचं होतं. ते कसं सांगायचं याचा विचार करत त्यांनी टाइपरायटरवरचं मेणकापड काढलं. पूजेत त्यालाही कोणी विसरलं नव्हतं. कपाळावर हळदीकुंकवाची मोठी बोटं होती, अक्षरांच्या दांड्यांमध्ये अक्षता अडकल्या होत्या.

गयाबाई चहा घेऊन आली. तिनं कप ठेवला, कुंकू पाहिलं आणि घाईनं पदर पुढे करून ते पुसायला लागली. 

"राहू दे, गयाबाई," देवराव म्हणाले. "याले चालते."

त्यांनी कार्बन लावून कागद चढवला, चष्मा नीट केला आणि चलन टाइप करायला घेतलं. पहिल्याच ठोक्याला एक तांदूळ उडून कपाच्या बशीत पडला. अक्षर स्वच्छ उमटलं होतं.