कार्ड उशिरा आलं

मी मंगळ्याचं मच्छीमार कार्ड बोलतोय. एटीएम कार्डाएवढा, पाण्यात न भिजणारा, अंगावर फोटो, नाव आणि गाव असलेला. समुद्रावर आपला कोण नि परका कोण हे कळावं म्हणून सरकारनं आम्हाला काढलं. एवढं मोठं काम आपल्यावर आहे, याचा मला सुरुवातीला फार तोरा होता.

पण मी जन्मलोच उशिरा. मंगळ्या बोईसरच्या पूर्वेकडच्या डोंगरपाड्यावरचा. भातलावणीनं त्याच्या बोटांच्या रेघा इतक्या झिजल्या होत्या की यंत्र ठसाच घेईना. तोवर गुजरातच्या बोटी निघायची वेळ झाली. पाड्यावरचे पुरुष दरवर्षी त्यांवर खलाशी म्हणून जातात. धाकटा भाऊ मिथुन तापानं अंथरुणाला खिळला होता. त्याचं कार्ड मात्र तयार होतं.

मुकादम पुंजाराम म्हणाला, "दोगांची तोंडं सारकीच हायत. त्याचं कार्ड घे नि चल. कोण बगतंय?"

पाड्यावर हे काही नवीन नव्हतं. भावाचा शर्ट घालावा तसं मंगळ्यानं भावाचं कार्ड गळ्यात घातलं.

मी घरी पोचलो तेव्हा पाकिस्ताननं मंगळ्याची बोट समुद्रात धरल्याची बातमी माझ्या आधीच आली होती. मंगळ्याची बायको जिवली मला हातात घेऊन नुसती बघत राहिली. आपला काहीच उपयोग नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे तिकडच्या तुरुंगातून नाव आलं, मिथुन. हा माणूस तुमचाच का, ही विचारणा दिल्ली-मुंबई फिरत पाड्यावर पोचली. घेऊन आलेला पोलीस भला होता. उन्हात चढून आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मिथुन इथलाच ना? पाकिस्तानात अडकलाय तो?"

मिथुन शेतातून पुढे आला. "नाय साहेब. मी मिथुन. मी घरीच हाय."

पोलिसाशी खोटं बोलायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. तसं उत्तर गेलं, आणि तिकडच्या माणसाला आपलं म्हणणारं कुणी उरलं नाही.

मग जिवली मला घेऊन पालघरच्या कचेरीत खेटे घालू लागली. साहेबांनी ऐकून घेतलं, अर्ज वर पाठवला. खाली उत्तर आलं, मंगळ्या नावाचा कैदी तिकडे नाही.

त्याच बोटीवरचे बाकीचे सुटून आले. त्यातला काकड्या जिवलीला म्हणाला, "तो खरं नाव सांगत नाय. आता नाव बदलला तर हेर म्हणतील, म्हणून घाबरतो. हजेरीला मिथुनच म्हणतो."

"माजं नाव घेतो का?"

"कसा घेल? मिथुनचं लगीन कुटं झालंय?"

जिवली रडली नाही. मी तिच्या मुठीत होतो, मूठ घट्ट होत गेली.

आता पुन्हा बोटी निघाल्यात. मिथुनचं कार्ड तिकडे जप्त आहे. नवं मागावं तर जुनं कुठे गेलं ते सांगावं लागतं. पावसानंतर पाड्यावर दुसरं काम नाही, आणि खाणारी तोंडं आहेत. शेवटी जिवलीनंच मला खुंटीवरून काढलं आणि दिराच्या गळ्यात घातलं.

"तोंडं सारकीच हायत," ती म्हणाली.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. बंदरावर एकानं माझ्यावरचा फोटो बघितला, मिथुनकडे बघितलं आणि जा म्हणून हात केला. आता मी त्याच्या शर्टाखाली आहे आणि चहूकडे पाणी आहे. कुणी आम्हाला अडवलंच, तर कृपा करून माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्यालाच विचारा, बाबा, तू कोण?

पण तो काय सांगणार ते मला पाठ आहे. निघताना जिवलीनं त्याच्याकडून घोकून घेतलंय, "मी मंगळ्या. मी मंगळ्याच हाय."