गुरुवारची होडी

मित्रांनो, माझे अर्धे अंग पाण्यात असते आणि अर्धे हवेत. त्यामुळे मला जग दोनदा ऐकू येते. घाटाच्या पायरीवर कोणी धुणे आपटले की तो आवाज आधी पाण्यातून माझ्या तळाला येतो आणि मग हवेतून माझ्या कडांना लागतो. दोन्हींच्या मधला जो क्षण असतो, त्यात माझे बरेचसे आयुष्य गेले आहे.

मी भीमेवरची एक जुनी लाकडी होडी आहे. माझ्या एका बाजूला शिरूर तालुक्यातले वडगाव रासाई, आणि पलीकडे दौंड तालुका, राहूकडे जाणारी वाट. मला घडवणाऱ्या सुताराने माझ्या फासळ्या बाभळीच्या केल्या, फटींत सुताचे पीळ ठोकून बसवले आणि वर गरम डांबर ओतले. पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा लाकूड फुगले, फटी मिटल्या आणि मी तरंगले. आपण बुडत नाही, याचे मला फार दिवस नवल वाटत असे.

मग कामाची वर्षे आली. दुधाच्या किटल्या, शेवंतीच्या पाट्या, शाळेची पोरे, एकदा तर हळद लागलेली नवरी. मेंढपाळ यायचे तेव्हा मेंढरे पोहत जायची आणि कोकरे माझ्यात बसायची. त्यांच्या ओल्या लोकरीचा वास माझ्या फळ्यांत कित्येक दिवस राहायचा. चांगदेव मामा तेव्हापासून मला वल्हवतात. त्यांच्या तोंडाला विसावा नसतो. "चला, बसा, बुडालो तर भाडं परत," असे ते प्रत्येक नव्या उतारूला सांगत.

पुढे वरच्या अंगाला पूल झाला. मोटारसायकली पुलावरून जाऊ लागल्या आणि मी घाटाला बांधलेली राहिले. नदीत जलपर्णी वाढली होती. तिची जांभळी फुले माझ्या कडेला टेकत आणि मी दिवसाउजेडी स्वप्ने पाहत असे. स्वप्नात नदीला काठच नसत. नुसते पाणी, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या कोकरांचे आवाज.

पण दर गुरुवारी मला जाग यायची.

त्याचे असे झाले. मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर सोनम दर गुरुवारी येऊ लागल्या. सकाळी त्या वडगावच्या दवाखान्यात बसत आणि दुपारी स्कूटरवरून पूल ओलांडून राहूच्या दवाखान्यात. म्हणजे दोन्ही गावांच्या दाराशी डॉक्टर आली होती. तरी राहूचे लोक सकाळी वडगावला येत, आणि वडगावचे लोक दुपारी राहूला जात. आपल्या गावात कोणी पाहिले तर काय म्हणेल, ही धास्ती. पुलावर तर सगळेच ओळखीचे. म्हणून माझी आठवण झाली. तोंडावर टॉवेल, डोक्यावरून पदर, आणि खाली मान घालून माणसे माझ्यात बसू लागली.

दुपारी मामा आधी राहूवाल्यांना परत सोडत. तोपर्यंत वडगाववाले बाभळीमागे उभे राहत. ते गेले की मग हे बाहेर येत. मामा म्हणायचे, "नदी एक, डॉक्टर एक, आन् येड्यासारखं हिकडचं तिकडं न् तिकडचं हिकडं. मी काय बोलू? माझी होडी चालतीया."

अशाच एका गुरुवारी गिताबाई आपल्या सुनेला, धुरपदाला घेऊन आली. त्यांची शेवंतीची बाग होती. धुरपदा पहाटे दव असताना फुले तोडायची, आणि तिच्याइतका झपाझप हात दुसऱ्या कोणाचा चालत नसे. पण त्या वर्षी फुले झाडावरच सुकली. ती अंथरुणातून उठेना, जेवेना, बोलेना. कारण विचाराल तर नेमके सापडणार नाही. शरीराच्या आजारालाही दर वेळी कारण सापडतेच असे नाही. घरच्यांनी आधी अंगारा लावला, लिंबू उतरवले. मग कोणीतरी डॉक्टर सोनमचे नाव सांगितले.

मित्रांनो, होडीला माणसाचे वजन अचूक कळते. माणूस बसला की त्याच्या वजनाइतके पाणी मी बाजूला सारते. धुरपदा वाळत चालली होती, ते मला कळले. पण तिच्या मनावर जे होते, त्याने मी केसभरही खाली गेले नाही. मनावरच्या ओझ्याला वजन नसते. म्हणूनच ते दुसऱ्याला दिसत नाही, सांगावे लागते.

काही महिने उपचार झाले. धुरपदा पाण्यात बोटे बुडवू लागली. एकदा तिने मामांना विचारले, "मामा, ह्या जांभळ्या फुलांना वास का नसतो?" गिताबाईने चमकून तिच्याकडे पाहिले. सुनेने आपण होऊन काही विचारावे, याला किती दिवस झाले होते!

आणि मग येणे अचानक बंद झाले.

गिताबाईच्या मुलीची, प्रांजलची सोयरीक राहूच्या तात्याबांच्या मुलाशी ठरत आली होती. सुपारी फुटायची बाकी होती. राहूच्या दवाखान्यात कोणी पाहिले, तात्याबांच्या कानावर गेले, तर लग्न मोडेल. गिताबाईने घाटावर येऊन मामांना सांगितले, "आता न्हाई यायचो आमी. तिला बरं वाटतंय. गोळ्याबी लई झाल्या."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं का बंद करायला?"

"मामा, पोरीचं लगीन व्हऊ द्या आधी."

गोळ्या संपल्या आणि धुरपदा पुन्हा गप्प झाली. आता ती दुपारी एकटीच येऊन माझ्यात बसायची. मी दोरीने बांधलेली असे आणि ती मधल्या फळीवर. आम्ही दोघी हलत राहायचो. मला वाटायचे, हिलाही माझ्यासारखी स्वप्ने पडत असावीत, काठ नसलेल्या नदीची. पण माझ्या स्वप्नात भीती नव्हती. तिचे हात गार असायचे.

एके दुपारी ती म्हणाली, "मामा, मला मधोमध न्ह्या आन् तितंच सोडा."

मामा हसणार होते. पण ते हसले नाहीत. त्यांनी वल्हे खाली ठेवले आणि तिच्यासमोर बसले.

"धुरपदा, तुला जगायचं नकोसं झालंय का गं? मनात काय वंगाळ येतंय का?"

ती फळीची कड नखाने खरवडू लागली. मग ती म्हणाली, "व्हय."

मामा तिला रागावले नाहीत. 'असले बोलू नये' असेही म्हणाले नाहीत. "बरं झालं सांगितलंस," एवढेच बोलले आणि तिथेच बसून राहिले. शेतातून परतणाऱ्या एकाला त्यांनी हाक मारून गिताबाईला बोलावणे पाठवले. ती धापा टाकत आली तेव्हा मामा उठून तिच्याजवळ गेले.

"वयनी, तिला एकटी सोडू नका. उद्या गुरुवार हाय. लगीन मोडलं तर दुसरं जुळंल. ही गेली तर दुसरी धुरपदा कुठून आणायची?"

गिताबाईने सुनेचे दोन्ही हात आपल्या पदरात घेतले आणि घरापर्यंत ते सोडले नाहीत.

गुरुवारी दुपारी दोघी आल्या. पण आदल्या रात्रीच्या वाऱ्याने वरून जलपर्णीचा मोठा हिरवा गालिचा वाहत येत होता. मामा ओरडले, "आज एकच खेप! राहूवाले आन् वडगाववाले, ज्याला जायचंय त्यानं आत्ता बसा!"

घाटावर राहूचा एकच माणूस होता, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. तो एका टोकाला पाठ करून बसला. गिताबाईने पदर नाकापर्यंत ओढला आणि सुनेला घेऊन दुसऱ्या टोकाला पाठ करून बसली. मामा मधे. अशी मी निघाले.

नदीच्या मधोमध जलपर्णीने आम्हाला गाठले. हिरवी पाने चारी बाजूंनी आली आणि मी थांबले. मला ढकलायला बांबू टेकवावा तर तो मुळांत अडकायचा. पाणी दिसत नव्हते, काठ दूर होते. जणू आम्ही एका हिरव्या माळावर बसलो होतो.

तेवढ्यात टॉवेलवाल्या माणसाच्या खिशातला फोन वाजला. त्याचे स्पीकर बंद करायचे बटण त्याला कधीच नीट सापडत नसावे. फोन उचलला आणि बाईचा खणखणीत आवाज साऱ्या नदीवर पसरला.

"आवं, झोपंच्या गोळ्या दिल्या का डॉक्टरनी? आन् घाटावर हिकडं तिकडं बघत जावा! त्या गिताबाईच्या नजरंला पडू नका. सोयरीक मोडंल पोराची!"

माणसाने फोन घाईघाईने खिशात कोंबला. आतून अजून आवाज येत होता. "आवं ऐकताय का? हॅलो!"

मामांना खोकल्याची उबळ आली. ती खोटी होती.

गिताबाई सावकाश वळली. पदर खाली घसरला. "तात्याबा? तुमी?"

तात्याबांनी टॉवेल काढला. त्यांचा चेहरा उन्हात उघडा पडला. "इहीणबाई..." ते म्हणाले. ते टॉवेलची घडी करू लागले.

आणि मग जी बोलली ती धुरपदा. "आप्पा, आता लागती का झोप?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणीच विचारला नसावा. तात्याबा तिच्याकडे वळले. "थोडी थोडी. मेंढरं इकली ना आमी, तवापासनं गेलती. जलम उघड्या रानात निजण्यात गेला. आता स्लॅबखाली डोळा लागला की दचकून उठायचो. वाटायचं, कळपात कायतरी शिरलंय. छातीत धडधड. मग ध्यानात यायचं, कळपच न्हाई आपला. रोजचंच झालं. पोरं म्हनायची, आप्पा, आराम करा की आता. आराम कसा करत्यात, ते ठावं न्हाई मला."

"मला झोप लागती," धुरपदा म्हणाली, "पन जागं व्हावं वाटत न्हाई. सकाळ झाली की वाटतं, का झाली?"

गिताबाई सुनेचे हे शब्द पहिल्यांदाच ऐकत होती. एका घरात राहून, एका ताटात जेवून. तिने डोळे पुसले आणि सरळ विचारले, "तात्याबा, आता एकच सांगा. सोयरीक ऱ्हाती का मोडती? माझ्या सुनंला ह्योच आजार हाय. मी लपवला."

"मी कुठल्या तोंडानं मोडू, इहीणबाई? मीबी तुमच्याच गावात येऊन तुमच्यापासनं लपत व्हतो." ते थोडे हसले. "खोट दोन्हीकडं हाय म्हनायची."

"खोट न्हाई, आप्पा," धुरपदा हळू म्हणाली. "दुखणं हाय."

मामांनी बांबू आपटला. "लगीन जुळलं असंल तर हात चालवा आता! न्हाईतर वरात हितंच काढावी लागंल."

मग चौघांनी वाकून हातांनी जलपर्णी उपसली. तिची काळी, केसांसारखी मुळे माझ्या कडांवरून ठिबकत होती. धुरपदाही उपसत होती, संथपणे, पण थांबत नव्हती. समोर हाताएवढे पाणी मोकळे झाले, मग वल्ह्याएवढे. पलीकडच्या काठाला मी लागले तेव्हा तात्याबांनी आधी उतरून तिला हात दिला आणि दवाखान्यापर्यंत तिघे मिळून गेले.

मित्रांनो, धुरपदा त्या दिवशी बरी झाली नाही. मन एका दुपारीत बरे होत नाही. पण गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, तिला एकटी न सोडण्याचे घरात सगळ्यांनी वाटून घेतले. पुढच्या गुरुवारी मी त्यांची वाट पाहिली, तर त्या आल्याच नाहीत. मला धसका बसला. संध्याकाळी मामांनी घाटावर हातपाय धुताना एका शेजाऱ्याला सांगितले ते मी ऐकले.

"गिताबाई आज सकाळीच गेली सुनंला घिऊन. आपल्याच दवाखान्यात. तेबी गिरणीवरनं, भर रस्त्यानं. बाया दळण घिऊन बसलेल्या. इचारलं एकीनं, कुठं निघालाय? म्हणाली, सुनंचं मन आजारी हाय, डॉक्टरकडं चाललोय. मग एक बाई दळण तिथंच टाकून मागनं पळत गेली. म्हणाली, थांबा की, मलाबी यायचंय."

तेव्हापासून माझे उतारू कमी होत गेले. प्रांजल लग्न होऊन पुलावरूनच राहूला गेली. तात्याबा आता राहूच्याच दवाखान्यात जातात, टॉवेल खांद्यावर टाकून. मामा म्हणतात, "गिऱ्हाईक गेलं माझं," आणि हसतात. ते आता शेतातच जास्त असतात.

मुलांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्याशी बोलू लागली की शेवटी ती स्वतःची निगा राखायला सांगते. मला तसे काही मागायचे नाही. तुमच्या घरातले किंवा वर्गातले कोणी फार दिवस गप्प असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा. उत्तर आले तर घाबरू नका, हसू नका, आणि ते एकट्याने सांभाळू नका, मोठ्या माणसाला सांगा. तुम्हालाच तसे वाटत असेल, तर आईला सांगा, बाईंना सांगा, जो ऐकेल त्याला सांगा. ताप आल्यावर जसे सांगता तसेच.

माझ्या तळाला चीर गेली आहे. ती बुजवू नका, नवे डांबर लावू नका. काल गुरुवार होता. सकाळी एक पाणकावळा आला आणि माझ्या कडेवर पंख पसरून ते वाळवत बसला. दोन्ही काठांवर कोणी मान खाली घालून उभे नव्हते. मी दिवसभर रिकामी होते.

मला अशीच रिकामी राहू द्या.